अठरा फुटांचे अंतर : नाशिकमधील चलच्चित्रण आणि भिंगाची निवड

नाशिक शहराचा आणि चलच्चित्रणाचा संबंध १९१३ पासूनचा आहे. त्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाल्यानंतर, मूळचे त्र्यंबकेश्वरचे असलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रशाळा दादरहून नाशिकला हलवली, आणि पुढे 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन', 'कालिया मर्दन' असे त्यांचे महत्त्वाचे मूकपट याच शहरात तयार झाले. या कालखंडाविषयी झालेले बहुतेक लेखन कथानक, भांडवल, नटनट्यांची जमवाजमव आणि स्वदेशीची प्रेरणा यांभोवती फिरते, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेल्या काचेच्या तुकड्याकडे क्वचितच वळते. वास्तविक नाशिकच्या पडद्यावर माणूस किती मोठा दिसावा, त्याच्या मागचे देऊळ किती स्पष्ट असावे आणि चित्रण करणाऱ्याने त्याच्यापासून किती दूर उभे राहावे, हे प्रथम भिंगाने ठरवले आणि आजही तेच ठरवते.

भिंगाची ओळख ज्या आकड्याने होते त्याला फोकल लांबी म्हणतात. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे जितक्या अंतरावर स्पष्ट होते तितकी ती लांबी, आणि ती मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. हा आकडा मोठा असेल तर दृश्याचा लहान भाग मोठा होऊन येतो आणि लहान असेल तर विस्तृत भाग सामावतो. मात्र भिंगामागील चौकटीचा आकार कळल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही. मूकपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवर एका चित्राची चौकट सुमारे २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच असे, आणि त्या काळच्या कॅमेऱ्यांना दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग नेहमीचे समजले जाई. या दोन मापांवरून साधी त्रैराशिकाची मांडणी केली, तर उभा माणूस डोक्यावर थोडी मोकळी जागा ठेवून, म्हणजे दोन मीटर उंचीच्या चौकटीत, पुरता बसवण्यासाठी कॅमेरा त्याच्यापासून साडेपाच मीटरवर, सुमारे अठरा फुटांवर, उभा करावा लागतो. मूकपटाच्या दृश्यरचनेचा विचार करताना हे अठरा फूट विसरून चालत नाही.

फाळके या प्रश्नाकडे कोऱ्या पाटीने आले नव्हते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली, आणि स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती सोडून ते मुद्रणासाठी ठसे तयार करण्याच्या धंद्यात शिरले. या तिन्ही व्यवसायांत भिंगाकडून होणाऱ्या अपेक्षा एकमेकींहून पुष्कळ वेगळ्या होत्या. व्यक्तिचित्रासाठी व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये सिद्ध केलेल्या जातीचे भिंग रूढ होते, ज्यात मधला भाग लख्ख आणि कडा विरघळत गेलेल्या दिसत, आणि गिऱ्हाइकाला तो दोष न वाटता देखणेपणा वाटे. लेणी आणि मंदिरे टिपायची तर खांब वाकता कामा नयेत व अपुऱ्या जागेतून मोठा भाग दिसावा, म्हणून रुंद कोनाचे भिंग हवे. ठशांच्या कामात सपाट चित्रावरून सपाट प्रत घ्यायची असल्यामुळे मध्य आणि कोपरे सारख्याच स्पष्टतेने उतरले पाहिजेत, आणि तीन रंगांच्या छपाईत तर तिन्ही रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. मुंबईत येशूच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून भारावलेल्या एका कलावंताने पुढे एकाएकी कॅमेरा उचलला, असे जे चित्र सर्वत्र रंगवले जाते, त्यात ही तयारी हरवते. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले तेव्हा काचेचे गुणदोष पारखण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती.

लंडनमध्ये 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मार्गदर्शन केले, सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत काम पाहायला मिळाले, आणि तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोडॅकची कोरी फीत विकत घेऊन ते परतले. परदेशातून यंत्र आणून मराठी माणसाने चित्रण करण्याची ही पहिली वेळ नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी ब्रॅडफर्डच्या रायली बंधूंकडून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली होती. कॅमेऱ्याची पेटी आणि दातेरी चाके कुशल कारागिराला लेथवर करता येत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा घडवून ते सिद्धच केले. भिंगाची गोष्ट मात्र निराळी होती. त्यासाठी लागणारी काच बुडबुडे, रेघा आणि ताण यांपासून पूर्णपणे मुक्त असावी लागते आणि तिचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, ठरावीकच यावे लागते. तळेगावला पैसा फंडाच्या मदतीने १९०८ मध्ये सुरू झालेला काच कारखाना किंवा पुढे निघालेली ओगलेवाडी यांनी दिव्याच्या चिमण्या आणि बरण्या देशी केल्या, पण या प्रतीची काच भारतात तयार होण्यास स्वातंत्र्यानंतरचा, कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचा काळ उजाडावा लागला. तोवर जेना येथील झाइस कारखान्याचे १९०२ चे चार काचांचे टेसार आणि डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये रचलेले, लेस्टर येथे घडवले जाणारे तीन काचांचे कुक ही भिंगे जगभर आदर्श मानली जात. स्वदेशीच्या घोषात जन्मलेल्या मराठी चित्रपटाचा डोळा अशा रीतीने बराच काळ विलायतीच राहिला.

परत आल्यावर कॅमेऱ्याचा पहिला उल्लेखनीय उपयोग फाळके यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्यावर केला. रोपाची वाढ थांबत थांबत, एकेक चौकट उघडून टिपली आणि अनेक दिवसांची वाढ क्षणभरात दाखवणारी चित्रफीत सिद्ध केली, जिच्या जोरावर छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांच्याकडून भांडवल उभे राहिले. जवळच्या वस्तूचे चित्रण करताना भिंग फितीपासून अधिक दूर सरकवावे लागते आणि स्पष्ट दिसणाऱ्या जागेची खोली अतिशय कमी होते. त्यामुळे हा छोटा प्रयोग भांडवलदाराला जितका चमत्कार वाटला तितकाच तो करणाऱ्याला काचेच्या मर्यादांचा पाठ ठरला असणार.

नाशिकमधील चित्रण प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर चाले. फीत आजच्या मानाने अतिशय मंद होती, आणि कॅमेरा हाताने फिरवून सेकंदाला सुमारे सोळा चित्रे टिपली जात असल्यामुळे एका चित्राच्या वाट्याला साधारण सेकंदाचा बत्तिसावा भाग येई. त्या काळची फीत निळ्या प्रकाशाला जागी आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती, म्हणून आकाश पांढरेफटक उमटे आणि कपाळावरचे कुंकू काळे दिसे. गोदावरीच्या घाटावरचे ऊन या फितीला मानवणारे होते. काळाराम मंदिराचा काळा पाषाण किंवा वाड्याचे माजघर मानवणारे नव्हते. भिंगातून किती प्रकाश आत सोडावा हे त्यातील छिद्राच्या आकाराने ठरते, आणि फोकल लांबीला छिद्राच्या व्यासाने भागून येणारा आकडा एफ/४, एफ/८ असा लिहितात, ज्यात आकडा वाढला की छिद्र लहान होते. उन्हात एफ/८ ठेवून ५० मिलिमीटरचे भिंग अठरा फुटांवर रोखले, तर सुमारे पावणेचार मीटरपासून जवळजवळ दहा मीटरपर्यंतचे सर्व काही स्पष्ट येते, म्हणजे नट, त्याच्या पुढची पायरी आणि मागची देवळाची भिंत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांत भरतात.

फाळके यांच्या चौकटीतील सन्मुखता, म्हणजे पात्रांनी प्रेक्षकाकडे तोंड करून एका रांगेत उभे राहणे, ही अभ्यासकांची आवडती चर्चा आहे. आशिष राजाध्यक्ष यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा संबंध लोकप्रिय देवचित्रांशी आणि रंगभूमीशी जोडला आहे, आणि अशी देवचित्रे छापणाऱ्या रविवर्मा छापखान्यात काम केलेल्या फाळके यांच्या बाबतीत तो योग्यच आहे. तथापि या सांस्कृतिक कारणांच्या शेजारी एक यांत्रिक कारण ठेवणे आवश्यक वाटते. एकाच नेहमीच्या भिंगाने, जड तिपाईवरून, संपूर्ण माणूस आणि त्याच्या पायाखालची भूमी दाखवायची ठरली की कॅमेरा आपोआप अठरा-वीस फुटांवर जातो, तेथून सर्व पात्रे सारखीच स्पष्ट दिसतात, आणि नाटकाच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेतील प्रेक्षकाची नजर तयार होते. परंपरेने जे सुचवले ते काचेने सोपे केले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. 'कालिया मर्दन'च्या आरंभी लहानग्या मंदाकिनी फाळके यांच्या चेहऱ्यावरील भाव जवळून दाखवले आहेत, आणि ती दृश्ये आजही ताजी वाटण्याचे कारण हेच की तेथे हे ठरलेले अंतर मोडले गेले आहे. हे काम फाळके एकट्याने करत नव्हते. त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा शिकवला होता, तर 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका करणारे अण्णा साळुंके पुढे स्वतःच कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

१९३० च्या दशकात बोलपट आला, फाळके यांची नाशिकमधील हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी बंद पडली आणि चित्रपटनिर्मितीचे केंद्र कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे गेले. व्यावसायिक कॅमेऱ्यांवर तोवर फिरती तबकडी आली होती, जिच्यावर तीन-चार भिंगे बसवून हवे ते क्षणात समोर आणता येई. नाशिकच्या वाट्याला मात्र पुढची अनेक दशके स्थिर छायाचित्रांचे स्टुडिओच राहिले. १९८० च्या दशकात व्हीएचएस कॅमेरा लग्नमंडपात आला तेव्हा त्याच्या तोंडाशी झूम भिंग कायमचे जडवलेले होते. फोकल लांबी बदलता येणारे हे भिंग सोयीचे खरे, पण कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा भाग बोटाच्या नखाहून लहान असल्यामुळे त्यातून वधूवरांपासून मागच्या खुर्च्यांपर्यंत सगळे सारखेच स्पष्ट येई, आणि मांडवातल्या अंधारावर उपाय म्हणून हॅलोजनचा झगझगीत दिवा धरणारा पोऱ्या बरोबर न्यावा लागे. भिंग निवडणे हा प्रश्नच पंचवीस वर्षे व्यवसायातून नाहीसा झाला. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात, यंत्रमागांच्या गावात, नासिर शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मालेगाव के शोले' व त्यानंतरचे विडंबनपट अशाच साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर केले. तेथे भिंग बदलता येत नसल्यामुळे कॅमेराच हलवायचा अशी युक्ती निघाली, आणि सायकल व बैलगाडी यांनी मोठ्या चित्रशाळांतील ट्रॉली आणि क्रेनची जागा घेतली. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ही कारागिरी जगापुढे आणली, त्याच २००८ मध्ये दूर जपानमध्ये एक वेगळीच घडामोड होत होती.

त्या वर्षी निकॉनने डी९० आणि पाठोपाठ कॅननने ५डी मार्क २ हे कॅमेरे जाहीर केले. आतल्या आरशाच्या साहाय्याने भिंगातूनच दृश्य दाखवणारे हे डिजिटल कॅमेरे, ज्यांना डीएसएलआर म्हणतात, मुळात स्थिर छायाचित्रांसाठी होते, पण त्यांत आता चलच्चित्रणाची सोय आली. डी९० ची चौकट सुमारे २३.६ × १५.८ मिलिमीटरची होती, पुढच्या वर्षीच्या कॅनन ७डी ची २२.३ × १४.९ मिलिमीटरची, म्हणजे रुंदीने ती मूकपटाच्या २४ मिलिमीटर चौकटीच्या अगदी जवळ जाणारी. ५डी मार्क २ ची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची होती, आणि तिचे मूळही चित्रपटाच्याच फितीत सापडते, कारण ऑस्कर बार्नाक यांनी १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यासाठी चित्रपटाच्या दोन चौकटी जोडून हे माप घेतले होते. अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनले का डब्बा' छायालेखक अमोल गोळे यांनी ७डी वर चित्रित केला आणि २०११ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. नाशिकच्या लग्नचित्रणात त्या सुमारास 'ट्रॅडिशनल' आणि 'सिनेमॅटिक' असे दोन वेगळे दर सांगितले जाऊ लागले, आणि सिनेमॅटिक म्हणजे व्यवहारात मागचे सारे धूसर करणारे मोठ्या छिद्राचे भिंग असा अर्थ रूढ झाला.

या मोहात ५० मिलिमीटर एफ/१.८ हे सर्वांत स्वस्त भिंग बहुतेकांनी पहिल्याप्रथम घेतले, आणि येथे जुने गणित वेगळ्या रूपात पुढे आले. चलच्चित्राची चौकट आता १६ : ९ या आडव्या प्रमाणाची असल्यामुळे ७डी च्या चौकटीची उंची जेमतेम साडेबारा मिलिमीटर उरते, आणि दोन मीटर उंचीचे दृश्य सामावण्यासाठी कॅमेरा आठ मीटरवर, म्हणजे सव्वीस फुटांवर न्यावा लागतो. जुन्या नाशकातील वाड्याच्या खोलीत सहसा इतकी जागा नसते. तेच दृश्य २४ मिलिमीटरच्या भिंगाने पावणेचार-चार मीटरवरून घेता येते, म्हणून घरातील हळद, मुहूर्तमेढ किंवा देवक अशा विधींसाठी १८ ते ३५ मिलिमीटरच्या टप्प्यातील भिंगच कामाचे ठरते, आणि ५० मिलिमीटर चेहऱ्यांसाठी व हातातील मेंदीसाठी राखून ठेवावे लागते. मोठ्या छिद्राचीही किंमत असते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीवर ५० मिलिमीटर भिंग एफ/१.८ वर उघडून दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर रोखले, तर स्पष्टतेची एकूण खोली सुमारे १७ सेंटिमीटर भरते, आणि चालत येणारी नवरी एका पावलात त्याबाहेर जाते. स्थिर छायाचित्रात एक क्षण साधला की पुरे, चलच्चित्रात मात्र तो सलग साधत राहावे लागते, हा फरक पहिल्या काही वर्षांतील धूसर लग्नफितींनी अनेकांना शिकवला.

प्रकाशाच्या बाबतीत तर परिस्थिती उलटी झाली. सेकंदाला २५ चित्रे घेताना हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग देण्याची पद्धत आहे, आणि ५० आवर्तनांच्या विजेवर चालणारे दिवेही त्यामुळे लुकलुकताना दिसत नाहीत. रामकुंडावरच्या दुपारच्या उन्हात, सर्वांत कमी म्हणजे १०० आयएसओ संवेदनक्षमतेवर, हा वेग ठेवला तर छिद्र एफ/२२ इतके बारीक करावे लागते, एफ/२.८ हवे असेल तर प्रकाश ६४ पट कमी करणारी काळसर काच, जिला एनडी फिल्टर म्हणतात, भिंगापुढे चढवावी लागते. भिंग घेताना त्याच्या तोंडाचा व्यास पाहण्याची सवय यातूनच लागली, कारण प्रत्येक भिंगाला वेगळ्या मापाचा फिल्टर घेणे परवडत नाही. फाळके यांच्या काळात प्रकाश पुरेसा मिळवणे हे काम होते, आता तो अडवणे हे झाले.

नाशिकचे उत्सव आपापली भिंगे मागतात. रामनवमीनंतरच्या एकादशीला निघणारा रामरथ अरुंद रस्त्यांतून जातो, तेथे रुंद कोनाशिवाय रथ चौकटीत मावत नाही. सिंहस्थातील शाहीस्नान अडथळ्यांच्या पलीकडून, ७० ते २०० मिलिमीटरच्या झूमने घ्यावे लागते, आणि तिपाई नसेल तर भिंगातच कंप शोषून घेणारी यंत्रणा असावी लागते. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या हौदांत, धप्पा मारला जातो तेव्हा पाणी आणि रंग उडत असताना भिंग बदलणे शक्यच नसते, म्हणून प्राइम, म्हणजे एकाच फोकल लांबीच्या भिंगांचे कितीही कौतुक असले तरी तेथे २४-७० सारखे झूमच बरे. छायाचित्रणासाठी बनलेल्या झूम भिंगांत मात्र एक उणीव असते, ती अशी की झूम फिरवताच बहुधा फोकस सुटतो, जो चलच्चित्रणासाठी घडवलेल्या भिंगांत टिकून राहतो. त्यामुळे चित्रण चालू असताना झूम न फिरवण्याची शिस्त या व्यवसायाने अंगी बाणवली.

जुन्या भिंगांची बाजारपेठही याच काळात पुन्हा जिवंत झाली. निकॉनची भिंग आणि फीत यांमधील ठरलेली जागा ४६.५ मिलिमीटर, तर कॅननच्या ईएफ पद्धतीची ४४ मिलिमीटर असल्यामुळे, मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये एक कडे बसवून निकॉनचे भिंग कॅननच्या कॅमेऱ्यावर चढवता येते, उलट मात्र नाही. फितीच्या काळातील निकॉन भिंगांवर छिद्राचे आणि फोकसचे कडे हाताने फिरवण्याजोगे असते व फोकस खेचताना बोटाला नेमका अंदाज येतो, म्हणून स्टुडिओंच्या कपाटांत वर्षानुवर्षे पडलेली ही भिंगे चलच्चित्रणासाठी बाहेर निघाली. २०१८ नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवला, ज्यांत भिंग आणि संवेदक यांतील जागा आणखी कमी, कॅननच्या बाबतीत २० आणि निकॉनच्या बाबतीत १६ मिलिमीटर आहे, आणि त्यामुळे दोन्ही घराण्यांची जुनी भिंगे जोडकड्याने त्यांवर चालतात. डीएसएलआरचे सांगाडे मोडीत निघू लागले, तरी त्यांच्यासाठी घेतलेली भिंगे हातोहात विकली जातात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी हवेत काचेवर बुरशीचे बारीक जाळे धरते, म्हणून असे भिंग घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी छिद्र पूर्ण उघडते, मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकते, कडा आणि पाती तपासते, आणि मगच किमतीची गोष्ट काढते.